टीममध्ये नीट कसं वागायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तेरा वर्षं रबाळ्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये शिफ्ट केली आणि नंतर ऐरोलीच्या आयटी पार्कात सपोर्ट डेस्कवर आलो. आता तिथेच शिफ्ट लीड आहे. काम पार बदललं, गाडी तीच राहिली : ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून सुटणारी. दर जून-जुलैत नवी मुलं-मुली रुजू होतात आणि महिन्याभरात जेवणाच्या टेबलावर तेच ते प्रश्न येतात. दर वेळी नव्याने सांगण्यापेक्षा लिहून ठेवलं. क्रम असा काही नाही. ज्यावर जास्त बोलणं झालं ते लांबलंय.

नोकरीच्या जाहिरातीत ‘टीम प्लेअर हवा’ असं लिहितात. म्हणजे नक्की कसा माणूस हवा असतो?

जाहिरात लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा ‘कुरकुर न करणारा’ एवढंच म्हणायचं असतं. त्या शब्दाचा फार कीस पाडू नका.

माझ्यापुरती एक कसोटी आहे. आमच्या लॅबमध्ये महिन्याचं रोटेशन लागलं की लोक आधी एकच बघायचे, आपण कोणाच्या मागे बसणार, म्हणजे कोणाची पाळी सुटल्यावर त्याच्या जागी बसणार. एका सहकाऱ्याच्या मागे बसायला सगळे तयार असायचे. तो फारसा बोलायचा नाही, पार्टीला यायचा नाही, त्याच्या तोंडून ‘टीमवर्क’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. पण त्याच्यानंतर आलात की ब्युरेट (द्रावण मोजायची काचनळी) धुतलेलं, द्रावणाच्या बाटल्यांवर तारीख, रजिस्टर भरलेलं, आणि जे राहिलं त्याच्यापुढे ‘राहिलं’ असं स्वच्छ लिहिलेलं. दुसरा एक होता, गप्पिष्ट, सगळ्यांना कटिंग पाजणारा. त्याच्या मागे बसलं की पहिला तास त्याने काय केलं आणि काय नाही हे शोधण्यात जायचा. माणूस म्हणून मला हा दुसराच जास्त आवडायचा. मागे बसायला मात्र पहिला हवा.

चार्ज देण्या-घेण्यावर, म्हणजे पाळी बदलताना काम सोपवण्यावर, तुम्ही एवढा भर का देता?

कारण मी त्यात सपशेल तोंडावर आपटलोय. ते सांगतोच, आधी मोठी गोष्ट.

६ जुलै १९८८. स्कॉटलंडजवळच्या समुद्रात पायपर अल्फा नावाचा तेल आणि वायूचा प्लॅटफॉर्म होता. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता आणि त्या जागी नुसती चकती बसवली होती. काम संध्याकाळपर्यंत पुरं झालं नाही. पंप चालू करू नका असं सांगणारा परमिटचा कागद होता, पण तो निरोप रात्रपाळीपर्यंत पोहोचला नाही. रात्री पावणेदहाच्या सुमाराला दुसरा पंप बंद पडला. ऑपरेटरने साहजिकच पहिला चालू करायला घेतला. वायू गळला, स्फोट झाला, १६७ माणसं गेली. नंतर लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने परमिटच्या आणि पाळी बदलतानाच्या निरोपाच्या ढिसाळपणावर नेमकं बोट ठेवलं. त्या दिवशी कोणी आळशी नव्हतं आणि कोणी कोणाचा दुस्वास करत नव्हतं. एका पाळीला ठाऊक होतं, दुसरीला नव्हतं.

आता माझी गोष्ट. दुपारी तीनची पाळी सुटायची. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस आला, मी म्हणालो, “सगळं ओके आहे,” आणि स्टेशनकडे पळालो. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ओलावा काढायला तीन नमुने ठेवले होते. त्यांच्या निकालावर एक टँकर सुटणार होता. हे मी बोललो नाही, लिहिलंही नाही. रिलीव्हरला बिनलेबलाच्या तीन डिश दिसल्या. जुन्या असतील म्हणून त्याने त्या फेकून दिल्या. टँकर साडेचार तास गेटवर उभा राहिला, ड्रायव्हरने वॉचमनला शिव्या दिल्या, वॉचमनने लॅबला. मी त्या वेळी कळव्यात घरी आमटी-भात जेवत होतो. मॅनेजरने दुसऱ्या दिवशी मला फार काही ऐकवलं नाही. रिलीव्हर चार दिवस माझ्याशी बोलला नाही, ते जास्त लागलं.

त्यानंतर मी पाच गोष्टी सांगितल्याशिवाय खुर्ची सोडत नाही : काय चालू आहे, काय बंद आहे, काय अर्धवट आहे, कोणाच्या उत्तराची वाट बघतोय आणि आज काय नेहमीसारखं वाटलं नाही. शेवटची सगळ्यांत महत्त्वाची. ‘सर्व्हर दोनदा स्लो झाला, मग आपोआप नीट झाला’ हे कुठल्याच फॉरमॅटमध्ये बसत नाही, म्हणून कोणी लिहीत नाही, आणि रात्री दोनला नेमकं तेच उपटतं.

आणि समोरच्याकडून वदवून घ्या. “कळलं ना?” विचारलं की माणूस “हो” म्हणतोच. “मग पहिलं काय बघणार?” असं विचारा.

आमच्याकडे शिफ्ट नाहीत, जनरल ड्युटी आहे. मग हे लागू होतं का?

रजा टाकता ना? मग होतं. बुधवारी गावी जाताना तुमच्या टेबलावर जे काही आहे ते कोणाच्या तरी गळ्यात पडतंच. फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे, पासवर्ड कोणाकडे आहे आणि कुठल्या क्लायंटला काय कबूल केलंय, एवढं मंगळवारी पाठवलंत तर एक्स्प्रेसमध्ये फोन वाजणार नाही. आणि वाजला तरी पनवेलच्या पुढे बोगद्यांत रेंज नसते.

मला कोणाला ‘नाही’ म्हणता येत नाही. मी चांगली टीम प्लेअर आहे की मूर्ख?

दोन्ही नाही, दमलेली आहेस. हा प्रश्न मला मुलींकडून जास्त येतो आणि त्याचं कारण उघड आहे : मीटिंगचे मिनिट्स, वाढदिवसाचा केक, नव्या माणसाला सगळं समजावून सांगणं, ही कामं ऑफिसात कोणी वाटून देत नाही. ती आपोआप कोणाच्या तरी अंगावर येतात आणि ती व्यक्ती बहुधा बाई असते.

२०१६ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये रॉब क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला होता. त्यांच्या पाहणीत बहुतेक कंपन्यांमधलं खरोखर उपयोगी पडलेलं सहकार्य २० ते ३५ टक्क्यांपर्यंत फक्त ३ ते ५ टक्के माणसांकडून आलेलं दिसलं. आपल्या मजल्यावरची ती तीन-चार नावं तुम्हालाही ठाऊक असतील. त्यांच्याच टेबलापाशी सतत कोणीतरी उभं असतं. आणि तीच माणसं एक दिवस राजीनामा देतात, तेव्हा साहेबांना आश्चर्य वाटतं.

आपल्याकडे भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. पण नकार तोडून टाकल्यासारखा द्यायचा नसतो. मी तीन वाक्यं वापरतो. एक : “आत्ता नाही, चारनंतर बसू.” निम्मे लोक चारला येतच नाहीत, त्यांना तोवर स्वतःच उत्तर सापडलेलं असतं. दोन : “मी करून देत नाही, पण शेजारी बसतो, तू कर.” तीन, हे वरिष्ठांसाठी : “सर, हे घेतलं तर आजचा रिपोर्ट उद्यावर जाईल. कुठलं आधी करू?” हा नकार नाही. निर्णय ज्याने घ्यायचा त्याच्याकडे परत दिला, इतकंच.

होकार देऊन मग न करणं हे मात्र नकारापेक्षा कितीतरी वाईट. तुमच्या होकारावर दुसरा आपला दिवस आखतो.

आमच्यातला एक जण कामच करत नाही. सगळं आम्हीच ओढतो. काय करायचं?

‘ओढतो’ हा शब्द बरोबर वापरलात. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला होता. १९१३ साली ते निष्कर्ष छापून आले. एकेकट्याचा जोर मोजून आठ जणांची बेरीज केली, तर आठ जण एकत्र ओढताना प्रत्यक्षात त्या बेरजेच्या जवळजवळ निम्माच जोर लागत होता. काहींना वाटलं, एका वेळी न ओढल्यामुळे होत असेल. म्हणून १९७४ मध्ये अमेरिकेत तो प्रयोग पुन्हा झाला. डोळे बांधलेल्या माणसाला वाटायचं की मागे आणखी लोक ओढतायत. प्रत्यक्षात मागची मंडळी नुसती उभी असायची. तरीही तो एकट्याने ओढताना लावायचा त्यापेक्षा कमी जोर लावत होता.

म्हणजे तुमचा तो सहकारी जन्मजात कामचुकार असेलच असं नाही. गर्दीत हात सैल पडतो, तुमचाही पडतो. आपल्या भाषेत याला बारभाईची खेती असं जुनं नाव आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कोणीतरी प्लीज बघा’ असा मेसेज टाकून बघा. अकरा निळ्या टिक येतात, बघत कोणी नाही. तोच मेसेज नाव घालून, वेळ घालून टाका, काम होतं. कामापुढे एकाच माणसाचं नाव लिहायचं. दोन नावं लिहिलीत की ते परत दोघांच्या मधल्या खुर्चीवर जाऊन बसतं.

हे करूनही तो माणूस हलत नसेल तर आधी त्याला बाजूला घेऊन विचारा. आमच्याकडे एक मुलगा दोन महिने असाच वागत होता. सगळे त्याच्यावर उखडलेले. त्याच्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं. बदलापूरहून येऊन, रात्री हॉस्पिटलला जाऊन तो सकाळी परत यायचा. कोणी विचारलंच नव्हतं. नेहमी असंच कारण निघतं असं नाही. काही जण खरंच अट्टल कामचुकार असतात. त्यांच्याबद्दल वरिष्ठांकडे जाताना ‘तो काम करत नाही’ असं सांगू नका. ‘सोमवार, बुधवार, गुरुवार, ही तीन तिकिटं (तक्रारींच्या नोंदी) त्याच्या नावावर होती, तिन्ही मी बंद केली’ असं सांगा.

माझ्या कामाचं श्रेय दुसऱ्याने लाटलं. भांडू का?

आधी थोडं थंड व्हा. १९७९ साली रॉस आणि सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं होतं की घरातल्या कामांचा किती वाटा तुमचा. दोघांच्या उत्तरांची बेरीज वरचेवर शंभरच्या पुढे जायची. खोटं कोणी बोलत नव्हतं. आपण केलेलं आपल्याला सहज आठवतं, दुसऱ्याने केलेलं आठवत नाही. ऑफिसात तर दहा जण असतात. बेरीज तुम्हीच करा.

त्यामुळे पहिल्या वेळी सरळ त्याच्याशीच बोला, “ते प्रेझेंटेशन माझं होतं, नाव राहिलं.” बहुतेक जण ओशाळतात. आणि स्वतः मेल पाठवताना दुसऱ्यांची नावं आधी लिहायची सवय लावा. दहा मेलमध्ये तुम्ही इतरांची नावं लिहिलीत की अकराव्यात तुमचं गाळणाराच उठून दिसतो.

आयत्या बिळावरचे नागोबा असतातच. त्यांच्यासाठी एकच उपाय : काम पुरं झाल्यावर पाठवू नका, चालू असतानाच चार ओळी सगळ्यांना पाठवत राहा.

चूक झाली. गुपचूप दुरुस्त करू की सांगू?

सांगा, आणि दुरुस्त करायच्या आधी सांगा. वरातीमागून घोडं कोणाच्याच कामाचं नसतं.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमच्या औषध देण्यातल्या चुका अभ्यासल्या. चांगल्या टीमच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले : ज्या टीम चांगल्या म्हणून निघाल्या त्यांच्याच नावावर जास्त चुका. विचार केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की या लोकांच्या चुका जास्त नाहीत, ते चुका बोलून दाखवतात. इतर ठिकाणी झाकल्या जातात. पुढे १९९९च्या त्यांच्या शोधनिबंधामुळे हा विषय जगभर चर्चेत आला.

मग तुम्ही म्हणता, “पण आमचे साहेब चिडतात.” चिडू देत की. साहेब एकदा चिडतात, लपवलेली चूक सापडली की ते कायमचे शंका घेतात. सांगण्याची पद्धत मात्र असते. “सर, एक प्रॉब्लेम झालाय” म्हणून गप्प उभं राहायचं नाही. काय झालं, त्याचा परिणाम कुठपर्यंत गेलाय, थांबवायला काय केलं आणि तुमच्याकडून काय हवंय, ही चार वाक्यं तोंडात तयार ठेवून केबिनमध्ये जा. कोणामुळे झालं हे त्यांनी विचारेपर्यंत सांगू नका, स्वतःमुळे झालं असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा.

लीड असाल तर उलट बाजूने बघा. चूक सांगायला आलेल्या पहिल्या माणसाशी तुम्ही कसे वागलात हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्याला कळतं. पुढची चूक तुम्हाला कळणार की नाही हे तिथेच ठरतं.

सीनिअर चुकतायत असं दिसतंय, पण मी नवा आहे. बोलू का?

बोला. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर आदळली आणि ५८३ लोक गेले. त्यातल्या एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की दुसरं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही. त्याने ती विचारलीही. अतिशय अनुभवी, कंपनीत मान असलेल्या कॅप्टनने ती उडवून लावली. इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही. पुढच्या वर्षांत विमान कर्मचाऱ्यांना एक वेगळं प्रशिक्षण सुरू झालं. कनिष्ठाने ठामपणे कसं सांगायचं आणि वरिष्ठाने ते कसं ऐकायचं, हा त्याचा मोठा भाग आहे. ऑपरेशन थिएटरचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची यादी आणली, तिच्यात चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. ज्याने एकदा तोंड उघडलंय तो गरज पडली तर पुन्हा उघडतो.

आपल्याकडची अडचण अशी की आपण आडून आडून बोलतो. “सर, तुम्हाला काय वाटतं, एकदा बघून घ्यायचं का?” यातून सरांना काहीच कळत नाही. असं म्हणा : “सर, मला काळजी वाटतेय. हा बॅकअप कालचा आहे, आजचा नाही. दोन मिनिटं थांबून तपासूया का?” आदर पूर्ण आहे, मुद्दाही पूर्ण आहे. चार लोकांसमोर बोलायचं टाळता आलं तर टाळा. पण वेळ नसेल तर चार लोकांसमोरच बोला.

टीममध्ये मल्याळी, तेलुगू, गुजराती, उत्तरेकडचे, सगळेच आहेत. मराठीत बोलायचं की नाही?

बोला की, आपल्याच गावात आहोत. पण टेबलावर एक जरी मराठी न कळणारा असेल आणि विषय कामाचा असेल, तर सगळ्यांना कळेल त्या भाषेत. त्याला वगळून झालेला निर्णय त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि मग रात्री अकराला तोच फोन करतो. उलटही तेवढंच खरं : दोघे जण तेलुगूत ठरवून मोकळे झाले तर मीही विचारतो, “हमें भी बताओ भाई.” गप्पांना हा नियम नाही. आमच्या त्रिशूरच्या सहकाऱ्याला आता ‘डोक्याला शॉट’ नेमका कधी म्हणायचा हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

सर म्हणू, नावाने हाक मारू, की दादा-ताई?

ते जसे एकमेकांना बोलावतात तसं. कारखान्यात ‘साहेब’, आयटीत नाव. पण हाउसकीपिंगच्या मावशी आणि गेटवरचे सिक्युरिटी दादा हेही टीममध्येच धरा. आमच्या सर्व्हर रूमच्या एसीतून पाणी टपकतंय हे सगळ्यांत आधी मावशींनी पाहिलं होतं. त्यांनी तीन दिवस खाली बादली ठेवली. कोणाला सांगायचं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

डबा एकत्र खाल्ला नाही, पार्टीला गेलो नाही तर चालेल का?

चालेल. ग्रुपवरच्या गुड मॉर्निंगच्या फुलांना उत्तर दिलं नाही तरी चालेल. फक्त नव्या माणसाच्या पहिल्या आठवड्यात त्याला जेवायला एकटं बसू देऊ नका.

गणपतीच्या रजेवरून दरवर्षी भांडणं होतात. यावर काही तोडगा?

हा खरा प्रश्न. माझ्या मते आपल्या पट्ट्यातल्या टीमची परीक्षा अप्रेझलला होत नाही, गणपतीला होते.

ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही मजल्यावर निम्मी मंडळी रत्नागिरी-सिंधुदुर्गातली, नाहीतर रायगडातली. सगळ्यांना तेच पाच दिवस हवे. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आधी १२० दिवसांचं होतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. म्हणजे गणपती ऑगस्टच्या शेवटी असतील तर जूनच्या शेवटी खिडकी उघडते आणि काही मिनिटांत वेटिंग लागतं. तिकीट आधी, रजा मग, असा आपला उलटा प्रकार. ज्याचं तिकीट कन्फर्म झालं तो म्हणतो, मला जाऊ द्या, आणि ज्याला मिळालं नाही तो उपकार केल्यासारखा थांबतो.

आम्ही आता जूनच्या पहिल्याच आठवड्यात, आरक्षण उघडण्याआधी रजेची यादी करतो. गेल्या वर्षी जो थांबला त्याचा या वर्षी पहिला हक्क. आगमनाला कोण आणि विसर्जनाला कोण, असे दोन गट. घरात गणपती बसतो तो आणि नुसता फिरायला जाणारा यांच्यात फरक करायचा की नाही यावर आमच्यात एकदा पाऊण तास वाद झाला. शेवटी केला नाही. कोण किती भाविक हे मी कुठल्या कॉलममध्ये भरू?

आणि मराठी नसलेले सहकारी त्या आठवड्यात किल्ला लढवतात, तर ओणमला, ईदला, छठला, नाताळला आपण त्यांची शिफ्ट न मागता घ्यायची. मागायला लावली की सगळं मुसळ केरात.

मी ऐरोलीत राहतो. पाऊस पडला की नेहमी मलाच थांबवतात. हा न्याय आहे का?

नाही. जवळ राहणं हा गुन्हा नाही. रुळांवर पाणी आलं की कर्जत-कसाऱ्याचे अडकतात आणि घणसोली-ऐरोलीवाल्यांची डबल शिफ्ट लागते. एकदा-दोनदा ठीक. पण जुलैत तीनदा झालं की त्याची नोंद हवी आणि बदली सुट्टी हवी, तीही त्याने न मागता. लांबच्या मंडळींनीही इशारा आला की वाट न बघता सकाळी सहालाच कळवावं, “निघतोय, पण भरवसा नाही.” नऊला कळवलेल्या निरोपाचा उपयोग फक्त हजेरीपटाला होतो. विटाव्याच्या पुलाखाली पाणी आहे हे सगळ्यांनाच माहीत असतं, तो फोटो पाठवायची गरज नाही.

काम उशिरा चाललंय म्हणून चार माणसं वाढवली, तरी वेग वाढेना. का?

सॉफ्टवेअरवाले फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय : आधीच रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं. साधा हिशोब आहे. पाच जणांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या १०, दहा जणांत ४५. शिवाय नव्याला शिकवायला जुनाच बसतो. जास्तीची माणसं देणारच असतील तर त्यांच्यासाठी वेगळं तोडता येईल असं काम आधी काढून ठेवा.

टीममध्ये भांडण झालं. मिटवायचं कसं?

मेलवर भांडू नका. आणि ‘सीसी’मध्ये साहेबांना घालून तर अजिबात नाही, ती युद्धाची तुतारी आहे. तिसऱ्या मेलनंतर उठून त्याच्या टेबलाशी जा. नव्या टीममध्ये सुरुवातीला खटके उडणारच, मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये टीम जुळण्याच्या पायऱ्या मांडल्या त्यात दुसरी पायरी भांडणाचीच आहे.

एक मात्र वेगळं ठेवा. अंगलट येणं, घाणेरडे विनोद, नको ते मेसेज, यावर कोणी ‘टीम स्पिरिट ठेव, ॲडजस्ट कर’ म्हणालं तर ऐकू नका. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी करायची असते. साक्षीदार असाल तर तक्रार करणारीसोबत जा.

इंटरव्ह्यूत ‘तुम्ही टीम प्लेअर आहात का’ विचारलं तर काय सांगू?

‘हो’ सोडून काहीही. एक प्रसंग सांगा, त्यात तुमची एखादी चूक असू द्या, आणि ‘मी’ कुठे व ‘आम्ही’ कुठे हे नीट सांगा. सगळंच ‘आम्ही’ म्हणणाऱ्याने स्वतः काय केलं ते कळत नाही. सगळंच ‘मी’ म्हणणाऱ्याला मी घेत नाही. माझा स्वतःचा प्रश्न वेगळा असतो : “आधीच्या नोकरीत तुमच्या जागेवर कोण आलं आणि त्याला काय देऊन निघालात?” निम्मे उमेदवार इथे अडखळतात.

नोटीस पीरियडमध्ये किती काम करायचं? आता तर सोडूनच चाललोय.

पहिला महिना लिहिण्यात घालवा, दुसरा शिकवण्यात. एकच महिना असेल तर पंधरा-पंधरा दिवस. शेवटच्या आठवड्यात तुम्ही नुसते शेजारी बसा, हात त्याचे चालू द्या.

रबाळ्याची नोकरी सोडताना मी सत्तेचाळीस पानांची वही लिहिली होती. कुठलं यंत्र पावसाळ्यात कसं वागतं, कुठला पुरवठादार फोन दुसऱ्या रिंगला उचलतो, सगळं. माझ्या जागी आलेल्या मुलाने मला एकदाच फोन केला, आठ महिन्यांनी. केमिकलच्या कपाटाची दुसरी किल्ली सापडत नाही म्हणाला. मी बॅगेचा चोरकप्पा उघडला. तिथेच होती.